हूं नाही, चूं नाही

कामठ्यात धनवंताचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास निघायच्या. एक तिच्या हातचे उडदाचे वडे, आणि दुसरी तिची बाळंतपणं. वडे एखादीला जमलेही असते. पण तीन बाळंतपणं आणि तोंडातून हूं नाही की चूं नाही, हे काही गावात दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं. कुण्या सुनेनं कळा देताना घर डोक्यावर घेतलं की शेजारच्या धुरपताबाई पानाला चुना लावत म्हणायच्या, “आमच्या धनवंताले पाहाचं होतं. पोट्टं रडलं तवाच घरच्यांले समजलं, का बाई बाळंत झाली.”

बाळंतपणं तीन, मुलं दोन. योगेश्वरी आणि तिच्यामागचा लोकेंद्र. त्यांच्या आधीचा एक मुलगा राहिला नव्हता. त्याच्याबद्दल गावात कुणी बोलायचं नाही, आणि धनवंता तर नाहीच नाही.

दोन हजार नऊच्या भादव्यात योगेश्वरी सातवा आटोपून माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही पोवारांकडची रीतच. नवरा खुमेंद्र तिकडे अर्जुनी मोरगावला. विहिरींवरच्या मोटरी दुरुस्त करायचा. मोटर जळली की लोकांना आधी देव आठवायचा आणि मग खुमेंद्र, असं त्याचं तो सांगायचा.

आमगावच्या डॉक्टरीणबाईंनी योगेश्वरीला तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाल्या, आणि एक चिठ्ठी दिली. रिटायर झालेल्या एक नर्स होत्या, निर्मलाबाई. त्या आमगावात आपल्या घरी दर रविवारी बाळंतपणाचा वर्ग घ्यायच्या. सहा रविवार. नवरा-बायको दोघांनी यायचं.

“शाळा? बाळंतपनाची?” धनवंतानं हातातलं सूप खाली ठेवलं. “गाय कोनत्या शाळेत जाते वो?”

“गाईले कोनी म्हनत नाही न आई, का ओरडू नको म्हनून.”

धनवंतानं सूप पुन्हा उचललं आणि गरजेपेक्षा जरा जोरातच पाखडलं. सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बिडी ओढत बसलेला धनवंताचा नवरा पुरनलाल म्हणाला, “जाऊ दे न. सहा रविवार त आहेत. जवाई येतो म्हनून राहिले.” मायलेकींच्या मध्ये तो एवढंच पडायचा, आणि पडून लगेच उठायचा.

पोटुशी पोरगी काळीपिवळीत एकटी कशी पाठवायची, म्हणून पहिल्या रविवारी धनवंताला सोबत जावं लागलं. काळीपिवळी म्हणजे दहाच्या जागी सोळा माणसं कोंबणारी जीप. तिनं ड्रायव्हरला बजावलं, “खड्ड्यात घालशीन त इथंच नातू तुह्या मांडीवर देईन.” ड्रायव्हरनं आमगावपर्यंत गाडी अशी चालवली, जशी काही मागे अंड्यांची टोपली आहे.

खुमेंद्र स्टेशनवरून परस्पर आला होता. अर्जुनीहून गोंदिया, गोंदियाहून आमगाव, दोन गाड्या करून. हातात शंभर पानी वही. धनवंतानं त्याला पाहताच कपाळावर पदर ओढला. जावयाशी ती थेट बोलायची नाही. जावई दोन हातांवर बसलेला असला तरी ती लेकीला सांगायची, “इचार, चहा घेतात का म्हनून.” आणि सासूला मामीजी म्हणणारा खुमेंद्रही योगेश्वरीलाच सांगायचा, “मामीजींले सांग, घेतो म्हना.” मग चहा यायचा.

निर्मलाबाई दारात आल्या. उंच, पांढरे केस, आणि तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईचा आवाज. “चलो, अंदर आओ सब. आई, तुम्ही पण या.”

“मी इथंच बरी,” धनवंता ओट्यावर टेकली. “माह्या तीन परीक्षा झाल्या.”

“पास?” निर्मलाबाईंनी विचारलं.

धनवंता पिशवीतून लाखोळीची दाळ काढून निवडत बसली.

खिडकी मात्र उघडी होती, आणि कान काही पदराखाली जात नाहीत. आत चार जोड्या होत्या. निर्मलाबाई आधी पोटाबद्दल बोलल्या, मग पायांच्या सुजेबद्दल, मग काय खायचं त्याबद्दल. धनवंताला वाटलं, हे तर धुरपताबाईपण सांगते, आणि वर पान खाऊ घालते. मग आतून भलतंच काही ऐकू आलं. चार बाया आणि चार पुरुष एका सुरात “आ…” करत होते. लांब, खालच्या पट्टीत. समोरच्या पानठेल्यावरचा माणूस चुन्याचं बोट तसंच धरून पाहत राहिला. धनवंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“कळ आली की श्वास आत घ्यायचा नि आवाजासकट सोडायचा,” निर्मलाबाई सांगत होत्या. “दात आवळले की सगळं अंग आवळतं. तोंड मोकळं तर खालचंही मोकळं. लाजू नका, ज्याला लाज वाटते त्यानं आधी ओरडावं.”

दुसऱ्या रविवारी धनवंता ओट्यावरून सरकून खिडकीखाली बसली. उन्हाचं निमित्त होतं. तिसऱ्या रविवारी ती मान लांब करून आत पाहत होती, त्याला निमित्त नव्हतं. निर्मलाबाईंनी एक जुनं लोकरीचं स्वेटर आणलं होतं. त्याच्या पोटात एक बाहुली घातली आणि गळ्यातून हळूहळू तिचं डोकं बाहेर काढू लागल्या. लोकर आधी दाट, मग पातळ, मग ताणून ताणून अशी की बाहुलीचे केस दिसावेत. “एवढंच होतं आत,” त्या म्हणाल्या. “दार उघडतं. एकदम नाही उघडत, कळेकळेनं उघडतं. कुणी घाई करायची नाही.”

धनवंताच्या मांडीवरची दाळ तशीच राहिली. तीन वेळा हे तिच्या स्वतःच्या अंगात झालं होतं आणि ते असं दिसतं हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिला तर वाटायचं की आत काही तरी फाटून राहिलं आहे, आणि आपण ते घट्ट धरून ठेवायचं असतं.

खुमेंद्र वर्गात पहिला नंबर. बाकीचे नवरे भिंतीला पाठ लावून घड्याळ पाहायचे. हा कंबर कुठे दाबायची त्याची आकृती वहीत काढायचा, आणि शेजारी मोटरीसारखे बाण. बायकोच्या पाठीला तळहात लावून, श्वास मोजत, तो असा गंभीर बसायचा की योगेश्वरीला हसू फुटायचं.

“हसून का राहिली? इथं लोड येते म्हनते सिस्टर.”

“कंबर हाये माही, पाच हॉर्सपॉवरची नाही.”

पाचव्या रविवारी निर्मलाबाईंनी एक गोष्ट सांगितली. दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीत दोन टेबलं, मध्ये पडदा. पलीकडे दुसरी कुणी असते. म्हणून पुरुषाला आत येता येणार नाही. एक बाई येऊ शकते. आई, सासू, बहीण, कुणीही.

मग खुमेंद्रचा आवाज आला. “मंग मले पाच आठवडे कायले बोलावलं, सिस्टर?”

“पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर आला असतास?”

खुमेंद्र खोटं बोलणारा नव्हता. जरा विचार करून म्हणाला, “नसतो आलो.”

“मग झालं तर. पाच आठवडे बायकोच्या पाठीला हात लावून बसलास, ते काही वाया नाही जात. आता जी बाई आत जाणार तिला घरी बसून शिकव. पुढच्या रविवारी मी तिची परीक्षा घेते. मला विचारल्याशिवाय डॉक्टरीणबाई कुणाला आत घेत नाहीत. मागच्या साली एक मावशी आत गेली आणि पोरीच्या आधी तिलाच सलाईन लावावी लागली.”

परत येताना काळीपिवळीत तिघं एका ओळीत बसली, मध्ये योगेश्वरी. घरी पोचल्यावर पाय धुता धुता धनवंता म्हणाली, “मी नाही बा येत आत. धुरपताबाईले नेजो. तिचं काळीज घट्ट आहे.”

तिला वाटलं, पोरगी हट्ट करेल. योगेश्वरी खाटेवर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली, आणि म्हणाली, “बरंच होईन मंग.”

“बरं काऊन होईन?”

“तू असशीन त मले ओरडता नाही येनार.” तिनं मान वर केली नाही. “लहानपनापासून ऐकून राहिली मी. धनवंता असी, धनवंता तसी. मले लय भेव वाटते, आई. दुखाचं नाही वाटत. माह्या तोंडातून आवाज निघन न, त लोक म्हनतीन, धनवंताची पोट्टी, अन् पाहा कसी बोंबलली. तुह्यासमोर त मी मरून जाईन पन तोंड नाही उघडनार.”

धनवंता धुतलेल्या पायांनी तशीच उभी राहिली. मग गोठ्यात गेली. वासरू बांधलेलंच होतं. तिनं ते सोडलं आणि पुन्हा बांधलं. परत आली तेव्हा खुमेंद्र सपरीत वही उघडून बसला होता. तिनं कपाळावर पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड करून लेकीला म्हणाली, “जवाईबापूंले सांग, कसं दाबाचं ते दाखवा म्हना.”

सासूच्या समोर बायकोच्या कमरेला हात लावणं शक्य नव्हतं. म्हणून धानाचं अर्धं भरलेलं पोतं आणलं, ते खाटेला टेकवून उभं केलं, आणि खुमेंद्रनं त्याच्यावर खडूनं एक गोल काढला.

“मामीजींले सांग, हे कमरेचं हाड. कळ आली का तळहात इथं. रगडाचं नाही, धरून ठेवाचं.”

“इचार, किती जोर?”

“सांग, चाकाखाली गोटा लावल्यावानी. हलला नाही पाहिजे.”

योगेश्वरी मध्ये बसून इकडचं तिकडे करत होती, आणि दोघांमध्ये अंतर होतं एका पोत्याचं. शेवटी ती कंटाळली. “मी आता झोपतो. तुमचं तुम्ही पोत्याले सांगा.” आणि खरंच कूस वळवून पडली.

मग दोघं पोत्याशी बोलू लागली. “आता कळ वाढली म्हनाव,” खुमेंद्र पोत्याला सांगायचा. “वाढू दे, हात हाये माहा,” धनवंता पोत्याला सांगायची. तेवढ्यात पुरनलाल वावरातून आला. बायको पदर खोचून पोत्याची कंबर धरते आहे आणि जावई मनगटी घड्याळ पाहतो आहे, हे त्यानं बराच वेळ पाहिलं.

“धानाले कळा येऊन राहिल्या का?” त्यानं विचारलं. “मंडी लांब पडन. गाडी जुपू?”

सगळं जमलं. हात जमला, मोजणं जमलं, घोटघोट पाणी पाजणं जमलं. आवाज मात्र जमेना. खुमेंद्र म्हणायचा, “आता पोत्यासंग आवाज काढाचा, म्हंजे योगेश्वरीपन काढन.” धनवंता तोंड उघडायची. तोंड उघडंच राहायचं. आतून नुसती हवा.

“घसा बसला आहे,” तिनं पोत्याला सांगितलं.

खुमेंद्रनं वही मिटली. पोत्यावरचा खडू झटकत, जणू स्वतःशीच बोलावं तसा म्हणाला, “मोटरीचं कसं असते, तिच्यावर लोड आला का आवाज बदलते. घुरघुर करते. आम्ही दुरून ऐकतो न समजतो, का काही अडकलं. पाच मिनिटांत पोचलो त मोटर वाचते. पन एखादी मोटर असते, आवाजच नाही करत. गुपचूप चालते. लोक म्हनतात, काय चांगली मोटर हाये. अन् ते गुपचूप जळून जाते. कोनाले पत्ताच नाही लागत.”

धनवंता उठली. “सैपाकाचं पाहतो,” म्हणून आत गेली. चूल पेटलेली होती. तिच्यासमोर ती बसून राहिली. भात करपल्याचा वास येईपर्यंत बसून राहिली.

पंचवीस वर्षांपूर्वीची दुपार होती. तिचं माहेर, रोवण्याचे दिवस, सगळं गाव धानाच्या बांधीत. घरी ती आणि कानानं अधू झालेली आजी. सुईण दोन घरं सोडून राहायची. सकाळी येऊन पाहून गेली होती. “टाइम आहे अजून. जास्त दुखलं का हाक मार, मी घरीच आहे.” दोन घरं. मोठ्यानं एक हाक मारली असती तर ती चप्पल न घालता आली असती. पण आईनं बजावलं होतं, बाईच्या जातीनं आवाज काढू नये, चार घरं ऐकतात. धनवंता तेव्हा एकोणीस वर्षांची. तिनं लुगड्याचं टोक तोंडात धरलं आणि भिंतीचा एक पोपडा पाहत राहिली. संध्याकाळी आई बांधीतून आली तेव्हा मूल झालेलं होतं, आणि नाळेचा वेढा त्याच्या गळ्याला होता. सुईण रडत म्हणाली, “अवो पोरी, हाक त माराची होतीस.” बाकी सगळे म्हणाले, देवाची मर्जी. आणि मग कुणी तरी, पोरीला बरं वाटावं म्हणून असेल, म्हणालं, “पन पोरगी काय धीराची! हूं नाही का चूं नाही.”

तिथून ते सुरू झालं होतं. ती सासरी परतली तर ती कीर्ती तिच्या आधीच कामठ्यात येऊन बसलेली. पुढच्या दोन्ही वेळी ओरडायची सोयच राहिली नाही. ओरडली असती, तर मग त्या पहिल्या वेळी का नाही ओरडलीस, असं विचारणारं बाहेरचं कुणी नव्हतं. विचारणारी ती स्वतःच होती.

परीक्षेच्या रविवारी निर्मलाबाईंनी स्वतःच्या कमरेवर धनवंताचा हात घेऊन पाहिला. “अच्छा है,” म्हणाल्या. “आता आवाज.”

धनवंतानं तोंड उघडलं. मिटलं.

“बाकी सगळ्यात पास. आवाजात नापास.” निर्मलाबाईंनी चष्मा काढला. “भीती वाटते का तुम्हाला, आई?”

पदराआडून, जावई समोर असतानाही, धनवंता म्हणाली, “वाटते.”

“मग या आत. मागच्या सालच्या मावशीला मी विचारलं होतं, ती भीती नाही वाटत म्हणाली होती.”

कार्तिकात, उशिरा पिकणाऱ्या भारी धानाच्या कापणीत, एका सकाळी चहा होता होता योगेश्वरीच्या कळा सुरू झाल्या. पुरनलालनं वावरातला विळा तसाच कमरेला लावून जीप बोलावली आणि अर्ध्या रस्त्यात धनवंतानं तो काढायला लावला. खुमेंद्रला मोबाईल लावला. “निघालो,” तो म्हणाला, आणि फोनमधून कुणाची तरी मोटर चालू झाल्याचा आवाज आला. ती पुरी करून निघाला असावा.

दवाखान्याची ती खोली लहान होती. पडद्याच्या पलीकडचं टेबल रिकामं होतं. अलीकडे योगेश्वरी कुशीवर, मागे धनवंता, तळहात त्या जागी जिथे खडूचा गोल होता. दुपारपर्यंत सगळं वर्गातल्यासारखं झालं. मोजणं, पाणी, पुन्हा मोजणं. मग कळा जवळ जवळ येऊ लागल्या आणि धनवंताला एक गोष्ट दिसली. पोरगी आवाज करत नव्हती. सहा रविवार शिकलेला “आ” कुठेच नव्हता. दात आवळलेले, ओठ आत ओढलेले, आणि नजर भिंतीवरच्या एका पोपड्याकडे लावलेली.

पुष्पाबाई नावाची नर्स येऊन पाहून गेली. योगेश्वरीच्या कपाळावरचे केस मागे सारत कौतुकानं म्हणाली, “किती गुणी पोरगी आहे हो तुमची! हूं नाही की चूं नाही. नाही तर इथं एकेक अशा येतात…”

धनवंतानं भिंतीवरच्या त्या पोपड्याकडे पाहिलं.

“योगू,” ती कानाशी वाकली. “आवाज काढ न माय.”

योगेश्वरीनं मान हलवली. नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंड बंद.

डॉक्टरीणबाई आल्या, पोटावर यंत्र ठेवून ऐकलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “श्वास कोंडू नकोस गं. तू कोंडलास की बाळाचे ठोके उतरतात. सोड. सोड बरं.” योगेश्वरीला ऐकू जात होतं की नाही कोण जाणे. पुढची कळ आली आणि तिचं सगळं अंग दाराची कडी लावावी तसं बंद झालं.

धनवंता मोजायचं विसरली. हात कुठे ठेवायचा ते विसरली. वही, बाण, पोतं, सगळं विसरली. तिनं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, स्वतःचं तोंड उघडलं, आणि यावेळी आत नुसती हवा नव्हती.

तो निर्मलाबाईंच्या वर्गातला “आ” नव्हता. गोठ्यात गाय हंबरते तसा तो होता, खालून आलेला, लांब, थोडा फाटका, आणि संपता संपत नव्हता. पुष्पाबाईच्या हातातला ट्रे खणकन खाली पडला. बाहेर बाकड्यावर बसलेला पुरनलाल उठून उभा राहिला. बायकोबरोबर त्यानं सत्तावीस वर्षं संसार केला होता, आणि हा आवाज त्याला ओळखू आला नाही.

“अहो बाई! तुम्हाला काय झालं?” डॉक्टरीणबाई ओरडल्या.

योगेश्वरीनं डोळे उघडले. आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पदर खांद्यावर, केस सुटलेले, तोंड उघडं आणि गालांवर पाणी. पोरीचं तोंड आश्चर्यानं उघडलं, आणि उघडलं तसं त्यातून जे अडलं होतं ते सगळं बाहेर आलं. मग दोघी मिळून ओरडू लागल्या. एकीचा दम सरला की दुसरीचा सुरू. मध्येच योगेश्वरीला हसू आलं, हसता हसता पुन्हा कळ आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता बरोबर! ठोके छान आहेत. असंच चालू द्या, दोघींनीही.” आणि मग स्वतःशी, “निर्मलाबाईंना सांगायला पाहिजे हे.”

साडेतीनला मुलगी झाली. ती बाहेर आल्या आल्या ओरडली, आणि या घरात आता ओरडायला परवानगी आहे हे तिला आतूनच कळलेलं असावं, कारण बराच वेळ ओरडत राहिली.

खुमेंद्र नेमका तेव्हाच स्टेशनवरून धावत आला होता. हात ग्रीसनं काळे. बाकड्याजवळ सासरा उभा होता.

“मामाजी, आवाज कोनाचा होता?”

“एक तुह्या बायकोचा,” पुरनलाल म्हणाला. “अन् एक…” तो थांबला. “दुसरा तुह्या मामीजीचा असन, असं वाटते. मी आधी कधी ऐकला नाही.”

थोड्या वेळानं धनवंता दारात आली, कापडात गुंडाळलेलं बाळ घेऊन. पदर खांद्यावरच होता, ओढायचा राहून गेला होता. तिनं जावयाकडे सरळ पाहिलं. “जवाईबापू, आधी हात धुवा,” ती त्यालाच म्हणाली, घोगऱ्या आवाजात. “मंग घ्या.” दोघांनाही काय झालं ते कळायला एक क्षण लागला. मग खुमेंद्र नळाकडे पळाला.

निर्मलाबाई संध्याकाळी येऊन गेल्या. “मग, आई? वर्गाचा काही उपयोग झाला की नाही?”

धनवंतानं विचार केला. “अर्धं त तिथंच इसरली मी,” ती म्हणाली. “अन् राहिलेलं अर्धं तुम्ही शिकवलं तसं नाही झालं.” मग जरा थांबून, “पन खिडकी उघडी ठेवत जा, सिस्टर. बाहेर बसनाऱ्या बायाही राहतात.”

पाच दिवसांनी बाळ-बाळंतीण घरी आली. धुरपताबाई बाळ पाहायला आल्या. कानामागे काजळाचा टिळा लावला, नाक आजीचं आहे म्हणाल्या, पान काढलं, चुना लावला. मग आवाज खाली आणून, जसं कुणाच्या घरातली चोरी सांगावी तसं म्हणाल्या, “जीपवाला सांगून राहिला होता वो. पार रस्त्यावर आयकू येत होतं म्हने. पोट्टीनं पूरं नाव घालवलं तुह्यं.”

खाटेवर योगेश्वरी अंग चोरून बसली. धनवंता डिंकाचे लाडू वळत होती. तिनं हातातला लाडू पुरता वळून ताटात ठेवला.

“तिचा नव्हता तो,” ती म्हणाली. “पह्यला त माहाच होता.”

“तुहा?” धुरपताबाईंचं पान हातातच राहिलं. “तू कायले ओरडली? तुले काय झालं होतं?”

“माह्या पह्यल्या पोट्ट्याचा राहिला होता,” धनवंता म्हणाली. “एक हाक माराची होती.”

धुरपताबाईंना सगळं माहीत होतं. गावात कुणाला माहीत नव्हतं? पंचवीस वर्षं त्याच दिवसाची कीर्ती त्या सांगत आल्या होत्या. त्यांनी पान तसंच डब्यात ठेवलं, डबा बंद केला, आणि सरकून धनवंताजवळ बसल्या. ताटातलं सारण ओंजळीत घेऊन त्याही लाडू वळू लागल्या.

“नाव काय ठेवलं होतं त्याचं?” त्यांनी विचारलं.

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. धनवंता सांगू लागली. खाटेवर बाळ जागं झालं आणि ओरडायला लागलं, तरी ती थांबली नाही. फक्त आवाज थोडा मोठा केला.